पूड किती बारीक? अर्क काढणाऱ्यांचे प्रश्न

वनस्पतीचा अर्क काढण्याआधी ती कशी आणि किती दळावी, याविषयी आलेले प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकाच उत्तरात मिळवले आहेत.

प्रश्न : सुकवलेले मूळ वस्त्रगाळ करून साठ टक्के अल्कोहोलमध्ये भिजवले. पूड जितकी बारीक तितका अर्क जास्त उतरेल, असा हिशेब होता. तीन दिवसांनी बरणीत नुसता चिखल आहे आणि गाळणकागदातून तासाभरात दोन-तीन चमचे द्रव उतरतो. चुकले कुठे?

उत्तर : हिशेब निम्मा बरोबर होता. दळल्याने दोन गोष्टी साधतात. काही पेशी फुटून आतला ऐवज उघडा पडतो, आणि न फुटलेल्या पेशींतल्या ऐवजाला बाहेर यायला कमी अंतर कापावे लागते. पण हे दोन्ही फायदे एका मर्यादेपर्यंतच मिळतात आणि वस्त्रगाळ पूड त्या मर्यादेच्या पलीकडे गेलेली असते.

पेशी सुमारे ५० मायक्रॉनची धरू (मायक्रॉन म्हणजे मि.मी.चा हजारावा भाग). एक मि.मी.चा चौकोनी कण घेतला तर त्याच्या एका बाजूला २० पेशी आणि एकूण ८,००० पेशी होतात. त्यांतल्या २,१६८ कडेला असतात, म्हणजे जेमतेम २७ टक्के. कण पाव मि.मी.चा केला तर एकूण १२५ पेशींपैकी ९८ कडेला येतात, म्हणजे ७८ टक्के. १०० मायक्रॉनला सगळ्याच पेशी कडेला येतात. त्यापुढे दळून मिळवण्यासारखे फारसे काही उरत नाही. कडेची प्रत्येक पेशी फुटतेच असे नाही आणि पेशी काही विटांसारख्या रचलेल्या नसतात, हे खरे. पण कल यावरून कळतो.

अंतराचा हिशेब वर्गाने चालतो. कणाची जाडी निम्मी केली की विसरणाचा, म्हणजे रेणू आपोआप पसरत बाहेर येण्याचा, वेळ एक चतुर्थांश होतो. भिजलेल्या वनस्पतीत लहान रेणूंचा विसरणगुणांक सेकंदाला एका चौरस मीटरच्या हजार कोटीव्या भागाच्या आसपास धरला, तर एक मि.मी. जाडीच्या तुकड्याला साधारण ४० मिनिटे लागतात आणि पाव मि.मी.च्या तुकड्याला अडीच मिनिटे. तुम्ही पूड तीन दिवस भिजवलीत. तिथे ४० मिनिटे काय आणि अडीच मिनिटे काय, सारखेच.

आता तोट्याची बाजू. चोथ्याच्या थरातून द्रव खाली उतरण्याचा वेगही कणाच्या वर्गावरच ठरतो. थरातली मोकळी जागा तेवढीच राहिली तरी ५०० मायक्रॉनऐवजी १०० मायक्रॉनचे कण असतील तर वेग पंचविसावा हिस्सा होतो. शिवाय मूळ पिष्टमय असेल तर अती दळल्याने पिष्टाचे दाणे पेशींतून सुटे होतात. हे दाणे काही मायक्रॉनपासून काही दहा मायक्रॉनपर्यंतचे असतात आणि कागदाच्या छिद्रांत नेमके जाऊन बसतात. बारीक चोथा द्रवही जास्त धरून ठेवतो. म्हणजे अर्क उतरला आहे, पण तो चिखलातच अडकला आहे.

हाताशी आहे ते असे वाचवा. बरणी दोन दिवस न हलवता थंड जागी ठेवा आणि वरचा निवळ भाग नळीने काढून घ्या. तळाच्या गाळात लिटरमागे ५ ते १० ग्रॅम डायटोमाइट (गाळायला मदत करणारी सच्छिद्र माती) किंवा सेल्युलोजची पूड ढवळून मिसळा, आधी दाट विणीच्या कापडातून पिळा आणि मग कागदातून गाळा. पंप लावून जोराने ओढू नका. जोर वाढला की थर दाबला जातो आणि होता तो मार्गही बुजतो. पुढच्या वेळी या मुळासाठी ७१० मायक्रॉनच्या चाळणीतून पूर्ण जाईल, पण त्यात २५० मायक्रॉनखालचा भुगा कमीत कमी असेल, अशी पूड करा.

प्रश्न : दोन ठिकाणांहून आणलेल्या ‘६० मेश’च्या चाळण्यांतून वेगवेगळी पूड का पडते? मेश आणि मायक्रॉन यांचा नेमका संबंध काय?

उत्तर : मेश म्हणजे एका इंचात किती छिद्रे, एवढेच. छिद्र किती मोठे, ते तारेच्या जाडीवर ठरते. ६० मेशला एका तारेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत २५.४ भागिले ६०, म्हणजे ४२३ मायक्रॉन अंतर येते. तार १७३ मायक्रॉनची असेल तर छिद्र २५० मायक्रॉनचे पडते; तार १०० मायक्रॉनची असेल तर ३२३ चे. दोन्ही चाळण्या ‘६० मेश’च, पण पूड वेगळी.

मानक चाळण्यांतही क्रमांक सरसकट जुळत नाहीत. ६० क्रमांक ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही मानकांत २५० मायक्रॉनचा आहे. पण ३० क्रमांकाची चाळणी ब्रिटिश मानकात ५०० मायक्रॉनची, तर अमेरिकन मानकात ६०० ची. १० क्रमांकाची पहिल्यात १.७ मि.मी.ची, दुसऱ्यात २ मि.मी.ची. म्हणून वहीत क्रमांकाऐवजी छिद्राचा आकार लिहावा.

औषधकोशात ‘२२/६०’ किंवा ‘४४/८५’ असे जोडक्रमांक दिसतात. पहिल्या चाळणीतून सगळी पूड जायला हवी आणि दुसरीतून ४० टक्क्यांहून जास्त जाता कामा नये, असा त्याचा अर्थ. १०/४४ म्हणजे भरड (१.७ मि.मी. व ३५५ मायक्रॉन), २२/६० म्हणजे मध्यम भरड (७१० व २५०) आणि ४४/८५ म्हणजे मध्यम बारीक (३५५ व १८०). जोडीतला दुसरा आकडा बहुतेक जण वाचतच नाहीत. पूड किती जाड असू नये हे सांभाळतात आणि किती बारीक असू नये हे सोडून देतात. अर्काच्या कामात निम्म्या अडचणी त्या दुसऱ्या आकड्याच्या असतात.

प्रश्न : आमच्याकडे पात्याचा मिक्सर आहे. त्यात खाली पीठ होते आणि वर काड्या राहतात. एकसारखी पूड कशी करावी?

उत्तर : पात्याचा मिक्सर कण मोजून तोडत नाही; समोर येईल त्याला मारतो. पाच मिनिटे सलग फिरवला तर आधीच बारीक झालेल्याचे पीठ होते आणि काड्या वर नाचत राहतात. उपाय एकच : थोडे दळा, चाळा, चाळणीवर उरलेले पुन्हा दळा. बारीक झालेला कण भांड्यातून लगेच बाहेर निघाला पाहिजे.

आधी माल नीट सुकवा. ४० ते ४५ अंशांवर, काडी वाकवली की लवचीकपणे न वळता कट्कन मोडेल इतका. ओलावा ६ ते ८ टक्के असेल तर वनस्पती ठिसूळ असते. १२ टक्क्यांच्या वर ती तुटत नाही, फाटते आणि भांड्याला चिकटते. ओलावा मोजायचा तर ५ ग्रॅम माल १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत ठेवा आणि घट मोजा. सुगंधी मालाला हा आकडा फसवा येतो, कारण पाण्याबरोबर तेलही उडते.

मग कात्रीने किंवा अडकित्त्याने ५ मि.मी.च्या आसपास तुकडे करा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि नंतर काड्यांशी झगडत बसतात. भांडे एक तृतीयांशच भरा. ३०० ग्रॅम माल असेल तर ६०-६० ग्रॅमचे पाच घाणे करा. चार-पाच सेकंद फिरवा, वीस-तीस सेकंद थांबा, भांडे हलवून पुन्हा फिरवा. असे तीन वेळा झाले की ७१० मायक्रॉनच्या चाळणीवर ओता. खाली पडले ते बाजूला काढा, वर राहिले ते पुढच्या घाण्यात टाका. भांडे हाताला गरम लागले की थांबा.

शेवटी चाळणीवर मूठभर चिवट तंतू उरतील. ते फेकू नका. तंतू आणि मऊ भाग यांतले घटकांचे प्रमाण वेगवेगळे असते, त्यामुळे तंतू फेकले की तुमची पूड मूळ वनस्पतीची राहत नाही, निवडक भागाची होते. ते तंतू पुन्हा तासभर ४५ अंशांवर ठेवा, कात्रीने आडवे कापा आणि परत दळा. सगळी पूड चाळणीखाली गेली की मोठ्या कापडावर ओता. कापडाचे समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने उचलून पूड एका बाजूकडून दुसरीकडे लोळवा. दहा-बारा वेळा पुरे. पहिल्या चाळणीत पडलेली पूड मऊ भागाची आणि शेवटची तंतूंची असते, म्हणून हे मिसळणे टाळता येत नाही.

चाळताना बोटांनी रगडूही नका. रगडल्याने तीन मि.मी. लांबीचा आणि ०.२ मि.मी. जाडीचा तंतू २५० मायक्रॉनच्या छिद्रातून उभा निसटतो, आणि चाळणी ताणली जाते ते वेगळेच.

प्रश्न : पान, साल, मूळ, बी या सगळ्यांना एकच माप चालेल का? आणि काढ्याला वेगळी पूड लागते का?

उत्तर : एकच माप चालत नाही. पान मुळातच पातळ असते, तीन मि.मी.चा तुकडाही जाडीने पाव मि.मी.च्या आसपास असतो आणि विसरणाला मोजली जाते ती जाडी. म्हणून पाने, फुले १.७ मि.मी.च्या चाळणीतून गेली तरी भिजवायला पुरे. पाने पीठ केली तर हरितद्रव्य आणि गाळ जास्त येतो, कामाचे द्रव्य फारसे वाढत नाही. साल, मूळ, लाकूड यांना ३५५ ते ७१० मायक्रॉनपर्यंत आणावे लागते, कारण त्यांच्या पेशींच्या भिंती जाड आणि लाकडी असतात आणि द्रव सहज आत शिरत नाही.

काढ्याचा प्रश्न वेगळा आहे, तिथे उष्णता आहे. पिष्टाचे दाणे साधारण ६० ते ७५ अंशांवर फुगून फुटतात. पिष्टमय मुळाची बारीक पूड उकळली की भांड्यात खळ तयार होते. ती तळाला लागते आणि गाळताही येत नाही. उकळण्याने पेशी नरम होतातच, त्यामुळे काढ्याला २ ते ४ मि.मी.ची भरड योग्य. बुळबुळीत डिंक सोडणारी बी तर काढ्यातही दळू नये, अख्खी किंवा नुसती चेचून टाकावी.

तेलबियांची पूड करायला गेलात तर लगदा होतो. त्या चिरडून पातळ पापड्या कराव्यात. मोठ्या प्रमाणावरच्या तेल काढण्यातही विद्रावक (द्रव्य विरघळवून घेणारा द्रव) पापड्यांवरूनच सोडतात. तिथे पापडीची जाडी पाव ते ०.४ मि.मी. ठेवतात. पापडी पातळ असल्याने विसरण लवकर होते आणि रुंद असल्याने द्रव वाहायला जागा राहते. पुडीला ही दोन्ही कामे एकदम साधत नाहीत.

सॉक्सलेट उपकरणात विद्रावक पुडीवर साचतो आणि सायफनच्या वाकड्या नळीने पुन्हा पुन्हा उतरतो; त्याला ३५५ ते ५०० मायक्रॉन ठीक. कागदी नळकांड्यातली पूड सायफनच्या वरच्या टोकाखाली राहिली पाहिजे, नाहीतर वरच्या थराला विद्रावक नीट लागत नाही. वाफेने तेल काढायचे तर पूड करूच नका. वाफ एका वाटेने निसटते आणि बाकीचा माल कोरडा राहतो. नुसते चेचा आणि चेचल्या चेचल्या भांड्यात भरा.

प्रश्न : पर्कोलेटरमध्ये (पुडीच्या थरातून द्रव हळूहळू खाली उतरवण्याच्या भांड्यात) २०० ग्रॅम पूड भरली. पहिल्या वेळी द्रव तळाशी आलाच नाही. दुसऱ्या वेळी भरडली तर एका बाजूने भराभर वाहून गेला आणि अर्धी पूड कोरडीच राहिली. मधला मार्ग कोणता?

उत्तर : दोन्ही वेळी पूड कोरडी भरली असावी, असा अंदाज आहे. कोरडी पूड द्रव लागला की फुगते. भांड्यात पसरायला जागा नसते, म्हणून ती आतल्या आत दाटते. बारीक असेल तर बुजते. भरड असेल तर काही ठिकाणी दाटते, काही ठिकाणी भेगा पडतात आणि द्रव भेगांतून पळतो. पूड भांड्याबाहेर फुगवून घेणे, हाच मधला मार्ग.

मध्यम भरड किंवा मध्यम बारीक पूड घ्या. २०० ग्रॅम पुडीवर १२० ते २०० मि.लि. विद्रावक थोडाथोडा शिंपडत हाताने मिसळा. मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पण बोटांतून थेंब गळू नये, इतपत ओली हवी. झाकणाच्या भांड्यात चार तास ठेवा. मग ती १.७ मि.मी. किंवा त्याहून मोठ्या चाळणीतून हलकेच मोकळी करून घ्या. ओल्या पुडीत लहान लहान गुठळ्या असतात आणि पुढे भेगा तिथूनच सुरू होतात.

तळाशी ओला कापूस, त्यावर पुडीचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर. सपाट लाकडी दांड्याने सगळीकडे सारख्या जोराने थापटा, मग पुढचा थर. भांडे दोन तृतीयांशच्या वर भरू नका. वर गाळणकागद आणि त्यावर थोडी धुतलेली वाळू किंवा काचमणी, म्हणजे ओतताना खड्डा पडणार नाही. खालचा नळ उघडा ठेवून विद्रावक ओता. खाली थेंब आला की आतली हवा निघून गेलेली असते. तेव्हा नळ बंद करा, पुडीवर द्रवाचा थर राहील इतके आणखी ओता आणि २४ तास ठेवा.

सोडण्याचा मध्यम वेग १,००० ग्रॅम पुडीला मिनिटाला १ ते ३ मि.लि. असतो, तुमच्या २०० ग्रॅमला ०.२ ते ०.६ मि.लि. येतो. थेंब मोजून वेग ठरवू नका. पाण्याचे सुमारे २० थेंब एक मि.लि. भरतात, तर तीव्र अल्कोहोलचे थेंब लहान असल्याने ५० च्या आसपास लागतात. खाली मोजनळी ठेवा आणि दहा मिनिटांनी आकडा वाचा. शेवटपर्यंत पुडीवर द्रव राहू द्या. वरचा थर एकदा उघडा पडला की हवा शिरते आणि तिथून पुन्हा भेग पडते.

एवढे करूनही बुजले तर दोष बारीक भुग्याचा. पूड १८० मायक्रॉनच्या चाळणीवर चाळून पाहा. भुगा बराच निघाला तर तो फेकू नका. वेगळा भिजवून गाळा आणि तो द्रव पर्कोलेटरच्या अर्कात मिसळा.

प्रश्न : सुगंधी आणि राळयुक्त माल दळताना पात्याला गोळा होऊन बसतो, चाळणी बुजते आणि वासही उडतो. काय करावे?

उत्तर : तिन्ही त्रासांचे मूळ उष्णता. राळ मऊ होते म्हणून चिकटते, आणि तेल उडते म्हणून वास जातो. माल हवाबंद पिशवीत रात्रभर उणे १८ अंशांवर ठेवा, मिक्सरचे भांडेही गार करा आणि तीन-तीन सेकंदांचे फेरे घ्या. २० ग्रॅमहून मोठा घाणा करू नका, गारवा टिकत नाही. दळलेली पूड लगेच बरणीत बंद करा आणि बरणी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा. गार पूड उघडी ठेवली तर हवेतले पाणी तिच्यावर बसते आणि सुकवण्याची सगळी मेहनत वाया जाते.

मोठ्या कामात उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन वापरतात. त्या तापमानाला राळसुद्धा काचेसारखी फुटते. पण बंद खोलीत तो खोलीतला ऑक्सिजन हटवतो आणि बंद भांड्यात ठेवला तर भांडे फोडतो. हवेशीर जागा आणि प्रशिक्षण नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

अशा मालाला मुळात बारीक पूड लागतच नाही. तेलग्रंथी पृष्ठभागाजवळ असतील तर एक मि.मी.च्या भरडीतही त्या उघड्या पडतात. दळायचे तेही अर्क काढण्याच्या दिवशीच.

प्रश्न : हॅमर मिलला (फिरत्या हातोड्यांनी दळणाऱ्या यंत्राला) १ मि.मी.ची जाळी लावली, तरी पूड त्याहून खूप बारीक येते. जाळी चुकीची आहे का?

उत्तर : नाही. कण जाळीला समोरून भिडत नाही, हातोड्यांबरोबर फिरत तिरका येतो. त्याच्या दृष्टीने छिद्र अरुंदच असते, त्यामुळे १ मि.मी.च्या जाळीतून बहुतांश पूड अर्ध्या मि.मी.च्या खाली मिळणे नेहमीचे. भरड हवी तर मोठी जाळी लावा किंवा फेरे कमी करा. उलट अचानक भरड येऊ लागली तर जाळी झिजून किंवा फाटून छिद्रे मोठी झाली आहेत का, ते आधी बघा. हातोड्यांची धार गोल झाली असेल तर माल कापला न जाता घासला जातो : पूड गरम येते आणि भुगा वाढतो.

प्रश्न : महागडे यंत्र नसताना पुडीचे कणमान आकड्यांत कसे मांडावे?

उत्तर : सहा चाळण्या, एक तळथाळी आणि ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा पुरेसा आहे. नमुना मात्र बरणीच्या वरून घेऊ नका. हाताळताना मोठे कण वर येतात आणि भुगा खाली बसतो. सगळी पूड ढीग करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, ते मिसळून पुन्हा चार भाग करा. असे ५० ग्रॅमपर्यंत उतरा.

समजा, चाळण्यांवर राहिलेले वजन असे आले : १,००० मायक्रॉनवर २ ग्रॅम, ७१० वर ६, ५०० वर १२, ३५५ वर १३, २५० वर ८, १८० वर ४ आणि थाळीत ५. आता खालून बेरीज करत टक्के काढा. १८० च्या खाली १० टक्के, २५० च्या खाली १८, ३५५ च्या खाली ३४, ५०० च्या खाली ६०, ७१० च्या खाली ८४, १,००० च्या खाली ९६. मध्यमान, म्हणजे ज्या आकाराच्या खाली निम्मी पूड येते तो आकडा, ३५५ आणि ५०० च्या मध्ये पडते. ३४ वरून ५० गाठायला १६ हवेत आणि त्या टप्प्यात एकूण २६ आहेत, म्हणून ३५५ + १४५ × १६/२६ = सुमारे ४४४ मायक्रॉन. याच रीतीने ९० टक्क्यांचा आकडा ८५५ येतो आणि १० टक्क्यांचा १८०. दोघांतला फरक मध्यमानाने भागला की १.५२, हा पुडीचा पसारा. पुढचा घाणा करताना मध्यमानाआधी हा पसारा कमी करण्याकडे लक्ष द्या. मध्यमान तेच असून पसारा २.५ असलेली पूड गाळताना वेगळीच वागते.

या पुडीला ‘२२/६०’ म्हणता येईल का? २५० खाली १८ टक्केच आहेत, ते ठीक. पण ७१० वर १६ टक्के राहिले आहेत. ते परत दळायला हवेत.

चाळणे कधी थांबवावे? पाच मिनिटे हलवा, वजने घ्या, पुन्हा पाच मिनिटे हलवा. कोणत्याही चाळणीवरच्या वजनात ५ टक्क्यांहून किंवा ०.१ ग्रॅमहून जास्त फरक पडेनासा झाला की झाले.

प्रश्न : योग्य कणमान शोधण्यासाठी एकाच पुडीचे चाळणीने चार गट पाडले आणि प्रत्येकाचा अर्क काढला. सर्वांत बारीक गटात घनद्रव्य (अर्क आटवल्यावर उरणारा भाग) सर्वांत जास्त निघाले. म्हणजे बारीकच उत्तम ना?

उत्तर : या प्रयोगातून तसे म्हणता येत नाही. चाळणीने गट पाडले की कणांचा आकार आणि वनस्पतीचा भाग हे दोन्ही एकदम वेगळे होतात. मऊ, द्रव्यसंपन्न भाग आधी पीठ होतो, तंतू भरड गटात राहतात. तुमच्या बारीक गटात मुळात जास्त द्रव्य होते की तेवढेच द्रव्य जास्त उतरले, हे या प्रयोगाला सांगता येत नाही.

माल दळण्याआधीच चार भाग करा. प्रत्येक भाग पूर्णपणे वेगवेगळ्या चाळणीखाली आणा : १.७ मि.मी., ७१०, ३५५ आणि १८० मायक्रॉन. काहीही फेकू नका. प्रत्येकी २० ग्रॅम पूड २०० मि.लि. विद्रावकात, एकाच तापमानाला, एकसारखी हलवत ठेवा. १५ मिनिटे, १ तास, ४ तास आणि २४ तासांनी १० मि.लि. गाळून आधी वजन केलेल्या बशीत आटवा, १०५ अंशांवर वजन स्थिर करा आणि लिहा. शेवटी प्रत्येक बरणीतून एकूण किती मि.लि. अर्क मोकळा मिळाला, तेही मोजा.

आता वाचन. २४ तासांनी चारही आकडे सारखे आले तर बारीक दळून फक्त वेळ वाचला. जादा काही मिळाले नाही. भरड पुडीचा आकडा २४ तासांनीही मागेच राहिला तर द्रव्य न फुटलेल्या पेशींत अडकले आहे आणि तिथे दळण्याला खरेच अर्थ आहे. बारीक पुडीत घनद्रव्य वाढले, पण मोकळा अर्क ४० मि.लि.ने कमी भरला, तर वाढलेले चोथ्यातच राहिले. आणि घनद्रव्य म्हणजे कामाचे द्रव्य नव्हे. त्यात साखर, डिंक, टॅनिन सगळे आले. द्रव्य स्वतंत्रपणे मोजता येत असेल तर तेच मोजा.

विद्रावकही तपासून घ्या. कोरड्या पेशीभित्तिका ९५ टक्के अल्कोहोलमध्ये फारशा फुगत नाहीत, त्यामुळे रेणू बाहेर यायला वेळ लागतो आणि दोष पुडीला दिला जातो. ५० ते ७० टक्क्यांच्या मिश्रणातले पाणी भिंती फुगवते. पाण्यात उतरणारे द्रव्य असेल तर आणखी बारीक दळण्याआधी हा बदल करून पाहावा.

प्रश्न : एकदम जास्त पूड करून ठेवावी का? आणि वेळ वाचवण्यासाठी माल अल्कोहोलसकट मिक्सरमध्ये फिरवला तर?

उत्तर : दुसऱ्याचे उत्तर आधी : फिरवू नका. निर्जल अल्कोहोलची वाफ १३ अंशांपासून पेट घेऊ शकते, ७० टक्क्यांचेही त्याहून फार वर नाही, आणि मिक्सरच्या मोटरमध्ये ठिणग्या पडतच असतात. कोरडी दळा, भांड्याबाहेर भिजवा. कोरड्या पुडीचा हवेत उडालेला दाट धुरळाही ज्योतीजवळ पेटतो, म्हणून दळताना शेगडी बंद ठेवा, तोंडाला मास्क लावा आणि भांडे दळल्यावर दोन मिनिटांनी उघडा.

साठवायचा तो अख्खा माल. पूड केली की उघडा पृष्ठभाग वाढतो. तेल उडते, ऑक्सिजन लागतो, ओलावा शिरतो. ठेवणे भागच असेल तर काठोकाठ भरलेल्या हवाबंद बरणीत, अंधारात ठेवा. बरणीवर दळल्याची तारीख आणि चाळणीचा आकार मायक्रॉनमध्ये लिहा. काढताना पुडीला गुठळ्या दिसल्या तर ओलावा पुन्हा मोजा, ४० अंशांवर सुकवा आणि पुन्हा चाळूनच वापरा.